अमेरिकन डायमंडपासून अणुभट्टीपर्यंत: किनाऱ्याच्या वाळूतल्या झिरकॉनवरून एवढा वाद का?

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक परिपत्रक काढलं. अणुऊर्जेशी संबंधित खनिजं आणि सरकारने ‘क्रिटिकल’ ठरवलेली खनिजं यांच्या खाणींना पर्यावरण मंजुरी देताना जनसुनावणी घ्यायची गरज नाही, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे खाण तुमच्या गावात येणार असेल, तर गावकऱ्यांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकून घेण्याची जी एक सरकारी पायरी असते, तीच काढून टाकली. तामिळनाडूचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी त्याविरोधात थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं. महाराष्ट्रात मात्र या बातमीची फारशी चर्चा झाली नाही.

ही सूट मिळालेल्या खनिजांच्या यादीत एक नाव आहे झिरकॉन. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण झिरकॉनपासून बनलेली एखादी तरी गोष्ट तुमच्या घरात नक्की असणार.

घरात कुठे आहे झिरकॉन?

बाथरूमपासून सुरुवात करू. तिथली पांढरीशुभ्र टाईल, वॉश बेसिन, कमोड यांच्या झिलईत झिरकॉनची बारीक पावडर असते. मातीची वस्तू भट्टीतून भाजून निघाली की तिचा मूळ रंग मळकट, पिवळसर असतो. झिरकॉनचे कण प्रकाश विखुरतात, त्यामुळे खालचा मळकट रंग झाकला जातो आणि पृष्ठभाग पांढरा, अपारदर्शक दिसतो. जगात जेवढा झिरकॉन निघतो, त्यातला जवळपास निम्मा या एकाच उद्योगात जातो.

मग येतो दातांचा डॉक्टर. रूट कॅनल झाल्यावर ‘मेटलची कॅप घ्यायची की झिरकोनियाची?’ असं विचारतात ना? ते झिरकोनिया म्हणजे झिरकॉनपासून काढलेल्या झिरकोनियम धातूचं ऑक्साईड. दातासारखा रंग आणि भरपूर मजबुती, म्हणून भाव जास्त. लग्नसराईत सेटवर चमकणारे ‘अमेरिकन डायमंड’, ज्यांना सराफ बाजारात जरकनही म्हणतात, तेही याच ऑक्साईडचे कारखान्यात वाढवलेले स्फटिक आहेत. नावात अमेरिका असली तरी ते मोठ्या प्रमाणावर बनवायचं तंत्र १९७०च्या दशकात सोव्हिएत रशियातल्या शास्त्रज्ञांनी विकसित केलं.

घराबाहेर पडलात तर गाडीच्या सायलेन्सरच्या पाईपमध्ये ऑक्सिजन मोजणारा जो सेन्सर असतो, त्यात झिरकोनिया असतं. कोल्हापूरकडच्या वाचकांना फौंड्री सांगायला नको. ओतकामाच्या साच्याला आतून जो लेप देतात, त्यात झिरकॉन पावडर वापरली जाते. दीड हजार अंशांचं वितळलेलं लोखंड ओतलं तरी झिरकॉन फारसा प्रसरण पावत नाही, धातूला चिकटतही नाही आणि कास्टिंग गुळगुळीत निघतं.

एवढ्यावरच थांबलं असतं, तर हे खनिज सरकारने वर्षानुवर्षं कुलपात ठेवलं नसतं.

अणुभट्टीला झिरकोनियमच का लागतो?

अणुभट्टीत युरेनियमच्या गोळ्या असतात. त्या नुसत्या ठेवता येत नाहीत, धातूच्या बारीक नळ्यांमध्ये बंद कराव्या लागतात. अडचण अशी की भट्टी चालते ती न्यूट्रॉन नावाच्या कणांवर. एका अणूतून सुटलेला न्यूट्रॉन दुसऱ्या अणूला फोडतो, त्यातून आणखी न्यूट्रॉन सुटतात, अशी साखळी. नळीच्या धातूनेच न्यूट्रॉन गिळले तर साखळी तुटते. म्हणजे धातू असा हवा, जो न्यूट्रॉनला जाऊ देईल, गरम पाण्यात गंजणार नाही आणि वर्षानुवर्षं टिकेल. झिरकोनियम या तिन्ही कसोट्यांना उतरतो. १९५०च्या दशकात अमेरिकेने नॉटिलस ही पहिली अणुपाणबुडी बांधली, तेव्हापासून हा धातू अणुउद्योगाचा होऊन बसला.

पण निसर्गाने यात एक खोडी काढून ठेवली आहे. झिरकॉनमध्ये झिरकोनियमसोबत साधारण पन्नासास एक या प्रमाणात हाफ्नियम नावाचा जुळा भाऊ असतो. रासायनिक वागणूक जवळपास तीच, पण स्वभाव अगदी उलटा. हाफ्नियम झिरकोनियमपेक्षा पाचशे पटींहून जास्त न्यूट्रॉन गिळतो. टाईलमध्ये किंवा दाताच्या कॅपमध्ये तो राहिला तर काही बिघडत नाही, अणुभट्टीत मात्र तो जवळपास पूर्ण काढावाच लागतो. हे वेगळं करणं किचकट आणि महाग आहे, आणि ते जमणारे देश मोजकेच आहेत. भारत त्यातला एक. हैदराबादचं न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स आणि तामिळनाडूत थुथुकुडीजवळ पळयकायल इथला झिरकोनियम प्रकल्प हे काम करतात. काढलेलं हाफ्नियमही वाया जात नाही. अणुभट्टी आवरायच्या नियंत्रण दांड्यांमध्ये आणि आता तर कॉम्प्युटरच्या चिपमध्येही ते लागतं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर पालघर जिल्ह्यातलं तारापूर. तिथल्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत प्रत्येकी ३९२ आडव्या दाबनळ्या आहेत, त्या झिरकोनियम आणि नायोबियमच्या मिश्रधातूच्या. त्यांच्या आत इंधनाच्या जुड्या सरकवतात आणि एकेका जुडीत झिरकोनियम मिश्रधातूच्या ३७ नळ्या असतात. इंधन वापरून संपलं की जुडी बाहेर काढतात, नवी आत जाते. म्हणजे ही एकदाची खरेदी नाही, भट्टी चालेल तितकी वर्षं झिरकोनियम लागत राहतो.

याची एक भीतीदायक बाजूही आहे. थंड करणारं पाणी बंद पडून नळ्या प्रमाणाबाहेर तापल्या की झिरकोनियम वाफेशी अभिक्रिया करतो आणि हायड्रोजन वायू तयार होतो. २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा प्रकल्पात इमारतींची छपरं उडताना जगाने टीव्हीवर पाहिली, ते स्फोट याच हायड्रोजनचे होते.

केंद्र सरकारने २०२५च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १ लाख मेगावॉट अणुऊर्जेचं लक्ष्य जाहीर केलं. त्या वेळी देशाची क्षमता ९ हजार मेगावॉटच्याही आत होती. लक्ष्याचा निम्मा भाग जरी गाठायचा म्हटला तरी झिरकोनियमची मागणी कुठे जाईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

हे सगळं वाळूत आलं कुठून?

झिरकॉन मुळात ग्रॅनाईटसारख्या जुन्या खडकांमध्ये बारीक कणांच्या रूपात असतो. खडक झिजतो, बाकीच्या खनिजांचा भुगा होतो, काही विरघळून जातात. झिरकॉनला मात्र काही होत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स भागात सापडलेला झिरकॉनचा एक कण सुमारे ४४० कोटी वर्षांचा आहे. पृथ्वीचं स्वतःचं वय ४५४ कोटी वर्षं. आजवर सापडलेला पृथ्वीचा सगळ्यात जुना तुकडा तो हाच.

नद्या हे कण समुद्रात आणतात. पुढचं काम लाटा करतात आणि ते आपल्या ओळखीचं आहे. आजी सुपात धान्य पाखडते तेव्हा हलकं फोलपट उडतं आणि जड दाणा मागे राहतो, अगदी तसंच. लाट येते, हलकी पांढरी वाळू परत ओढून नेते आणि जड कण किनाऱ्यावर सोडते. हजारो वर्षं हे चालल्यावर किनाऱ्यावर जड खनिजांचे काळसर पट्टे तयार होतात. त्यात इल्मेनाईट, रुटाईल, गार्नेट, सिलिमनाईट, झिरकॉन आणि मोनाझाईट अशी सगळी मंडळी एकत्र असतात.

केरळमधलं कोल्लम जिल्ह्यातलं चवरा, तामिळनाडूतलं कन्याकुमारीजवळचं मनवालकुरिची आणि ओडिशातलं छत्रपूर हे भारतातले नावाजलेले साठे. आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावरही मोठे साठे आहेत. देशभरातला झिरकॉन ३ कोटी टनांहून अधिक असल्याचा अंदाज आहे.

इथे कोकणातला वाचक म्हणेल, काळी वाळू तर आमच्या रत्नागिरीतही आहे! आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने काळबादेवी, मिऱ्या या भागांत समुद्रतळाचाही अभ्यास केला आहे. पण रत्नागिरीच्या काळ्या वाळूत प्रामुख्याने इल्मेनाईट आणि मॅग्नेटाईट सापडतं. सह्याद्रीचा कातळ हा लाव्हापासून बनलेला बेसॉल्ट आहे आणि बेसॉल्टमध्ये झिरकॉन जवळपास नसतोच. केरळच्या डोंगरांमधला खडक वेगळा आणि फार जुना, म्हणून तिथली वाळूही वेगळी. समुद्र एकच असला तरी वाळूत काय मिळणार हे मागचा डोंगर ठरवतो.

मग इतकी वर्षं तो कुलपात का?

याचं उत्तर त्याच वाळूतल्या मोनाझाईटमध्ये आहे. मोनाझाईटमध्ये थोरियम असतं, जे भारताच्या अणुकार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याचं इंधन मानलं जातं. शिवाय आज ज्यावरून चीन आणि बाकी जग यांच्यात रस्सीखेच चालू आहे, ती दुर्मीळ मृदा मूलद्रव्यंही त्यातच असतात.

मोनाझाईटची भारतातली गोष्टही भन्नाट आहे. त्रावणकोरहून युरोपात गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शॉमबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला १९०९च्या सुमारास चमकणारे पिवळे कण दिसले. त्या काळी गॅसबत्तीच्या जाळीला थोरियम लागायचं. मग त्याने माग काढत मनवालकुरिची गाठलं आणि तिथे कारखाना टाकला. पुढे पहिलं महायुद्ध लागलं आणि जर्मन म्हणून त्याला अटक झाली. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, भारत सरकारने इंडियन रेअर अर्थ्स म्हणजे आजची आयआरईएल ही कंपनी उभी केली. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या या खनिजांकडे अणुऊर्जा विभागाच्या नजरेतून पाहिलं जाऊ लागलं.

खाणकामाच्या दृष्टीने अडचण अशी की झिरकॉन आणि मोनाझाईट वेगवेगळे उपसताच येत नाहीत. सगळी वाळू उचलावी लागते. मग पाण्याच्या सर्पिल पन्हळीतून फिरवून हलकी वाळू बाजूला होते, चुंबकाने इल्मेनाईट ओढलं जातं, विजेच्या भारावर रुटाईल वेगळं होतं. मोनाझाईट किंचित चुंबकीय असतं, तेही निघतं. चुंबकालाही न लागणारा आणि वीजही न वाहणारा झिरकॉन जवळपास शेवटी हाती येतो. सराफ कट्ट्यावरचे झारेकरी गाळातून सोन्याचे कण काढतात, त्याचीच ही कारखान्यातली आवृत्ती. मुद्दा असा की टाईलसाठी झिरकॉन काढणाऱ्याच्या अंगणात थोरियमवालं मोनाझाईट आपोआप साठत जातं.

१९९८ मध्ये सरकारने खासगी कंपन्यांना या धंद्यात येऊ दिलं. २०००च्या दशकात तामिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यावर खासगी खाणी जोरात चालल्या आणि पाठोपाठ बेकायदा उपशाचे आरोपही आले. २०१३ मध्ये राज्य सरकारने या उपशावर बंदी घातली. प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षं चाललं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्याचा तपास सीबीआयकडे सोपवला आणि राज्य सरकारने कंपन्यांकडे मागितलेली ५,८०० कोटी रुपयांहून अधिकची वसुली योग्य ठरवली.

केंद्रानेही टप्प्याटप्प्याने दोर आवळले. २०१६च्या नियमांत मोनाझाईटचं प्रमाण ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर खाण फक्त सरकारी कंपनीला, असं ठरलं. २०१८ मध्ये या खनिजांची निर्यात फक्त आयआरईएलमार्फत करायचं बंधन आलं. २०१९ मध्ये मोनाझाईटची मर्यादा थेट शून्यावर आणली. आपल्या किनाऱ्यांवर झिरकॉन आणि मोनाझाईट एकत्रच सापडतात. त्यामुळे या एका आकड्याने खासगी क्षेत्रासाठी दार बंद झालं.

आणि मग २०२३. सरकारने झिरकोनियम आणि हाफ्नियम यांना ३० क्रिटिकल खनिजांच्या यादीत टाकलं. त्याच वर्षी खाण कायद्यात बदल करून लिथियम, टायटॅनियम वगैरेंसोबत झिरकॉनलाही अणुखनिजांच्या यादीतून बाहेर काढलं. ‘खासगी कंपन्यांना झिरकॉन खुला’ अशा हेडलाईन तेव्हा आल्या. पण युरेनियम-थोरियम असलेली खनिजं अणुखनिजांच्याच यादीत राहिली, म्हणजे मोनाझाईट जिथल्या तिथेच. कागदावर झिरकॉन सुटला आणि वाळूत मात्र तो अजूनही मोनाझाईटच्या शेजारीच पडून आहे. माझ्या मते हा सगळा बदल वाचताना लक्षात ठेवायची गोष्ट हीच आहे.

याचा परिणाम बघा. गुजरातमधल्या मोरबीत देशातल्या बहुतेक टाईल बनतात आणि टाईल उत्पादनात भारत चीननंतर जगात दुसरा आहे. पण या उद्योगाला लागणारा झिरकॉन मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांतून जहाजाने येतो. जगाच्या उत्पादनात हेच दोन देश आघाडीवर आहेत. भारताचा वाटा साठ्याच्या मानाने अगदी किरकोळ.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांचं काय?

इथपर्यंत वाचून ‘मग काढा ना वाळू, आयात कशाला करता?’ असं वाटणं साहजिक आहे. पण ही वाळू ओसाड माळावर पडलेली नाही. भारताचा हा किनारा दाट वस्तीचा आहे आणि तिथे होड्या लावून मासेमारी करणारी गावं आहेत.

कोल्लम जिल्ह्यातलं आलप्पाड हे त्यातलं एक. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कालवा आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. तिथे अनेक दशकं खनिज वाळूचा उपसा होतो आहे. २००४च्या त्सुनामीत या एका पंचायतीत शंभराहून जास्त लोक गेले. किनाऱ्याची वाळू हाच लाटांसमोरचा बांध होता आणि तो उपसून नेला, असं गावकऱ्यांचं म्हणणं आहे. १९५५च्या नकाशात ८९.५ चौरस किलोमीटर असलेलं गाव आता ७.६ चौरस किलोमीटर उरलंय, असा आंदोलकांचा दावा आहे. हा आकडा वादग्रस्त आहे. किनारा खचण्यामागे समुद्री भिंती, बंदरं अशी इतरही कारणं असतात. पण गाव आक्रसलंय हे बघायला नकाशाही लागत नाही. २०१९च्या जानेवारीत ‘सेव्ह आलप्पाड’ हा हॅशटॅग केरळभर फिरला, सिनेकलाकार बोलले, विद्यार्थी रस्त्यावर आले. शेवटी ‘सी वॉशिंग’, म्हणजे लाटेने आणून टाकलेली वाळू किनाऱ्यावरूनच खरवडून घेणं, काही काळ थांबवायचं ठरलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर या विषयावर एक दावा हमखास फिरतो, तो इथेच तपासू. ‘या वाळूमुळे तिथे कॅन्सर पसरलाय.’ मोनाझाईटमुळे चवरा-करुनागप्पळ्ळी पट्ट्यात नैसर्गिक किरणोत्सर्ग जास्त आहे, हे खरं. पण तिरुअनंतपुरमच्या रिजनल कॅन्सर सेंटरने तिथल्या लोकांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात या किरणोत्सर्गामुळे कॅन्सरचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. आलप्पाडकरांची लढाई आहे ती मुख्यतः पायाखालची जमीन राहण्याची.

आता हीच गोष्ट कन्याकुमारी जिल्ह्यात घडते आहे. किल्लियूर तालुक्यात आयआरईएलने १,१४४ हेक्टरवर खनिज वाळू उपसण्याचा प्रस्ताव ठेवला. २०२४ मध्ये त्याची जनसुनावणी ठरली आणि मच्छीमार गावांचा विरोध इतका होता की ती पुढे ढकलावी लागली. म्हणजे लोकांना ‘नाही’ म्हणायची एक जागा होती आणि ती त्यांनी वापरली. सप्टेंबर २०२५च्या परिपत्रकाने नेमकी तीच जागा काढून घेतली. अशा प्रकल्पांची छाननी आता राज्यात न होता केंद्राच्या पातळीवर होणार.

सरकारची बाजू अशी की ही खनिजं संरक्षण आणि अणुऊर्जेसाठी लागतात, साठे मोजक्याच ठिकाणी आहेत, दुसऱ्या देशांवर अवलंबून राहणं धोक्याचं आहे आणि मंजुऱ्यांना वर्षं लागतात. यातलं एकही विधान खोटं नाही. पण उपशातून निघणारं सगळंच काही अणुभट्टीत जात नाही. इल्मेनाईट रंगाच्या कारखान्यात जातं, झिरकॉनचा मोठा ग्राहक टाईल उद्योग आहे, गार्नेटचा सँडपेपर होतो. संरक्षणाचं कारण देऊन जी सूट मिळते, ती टाईलच्या आणि रंगाच्या कच्च्या मालालाही आपोआप लागू होते. त्यामुळे मला ही सूट गरजेपेक्षा फार मोठी वाटते. सुनावणीला मुदत घालता आली असती. अणुभट्टीसाठी नेमकी किती वाळू लागते, हे गावासमोर मांडता आलं असतं.

हे परिपत्रक एकट्या कन्याकुमारीपुरतं नाही. ओडिशा, आंध्र, केरळ, तामिळनाडू, जिथे जिथे वाळूत ही खनिजं आहेत तिथे ते लागू होतं. इल्मेनाईटमधलं टायटॅनियमही क्रिटिकल खनिजांच्या त्याच यादीत आहे. म्हणजे झिरकॉन नसला तरी रत्नागिरीची काळी वाळू या नियमातून सुटत नाही. उद्या तिथे कुणी खाणीचा प्रस्ताव आणला, तर तिथल्या ग्रामस्थांनाही जनसुनावणी मिळणार नाही.